तंबोऱ्याचें माहेर: लहान दुकान आणि मोठी कला

गाण्याची बैठक उठली म्हणजे श्रोते गवयाची तारीफ करतात, तबलजीच्या हाताचें कौतुक करतात, आणि घरीं परततांना यमन अधिक रंगला कीं बागेश्री, ह्यावर वाद घालतात. गवयाच्या मागें तंबोरे घेऊन बसलेल्या शिष्यांकडेहि एखाद्याचें लक्ष जातें. परंतु ते तंबोरे कोणीं केले, हें कोणी विचारीत नाहीं. आम्हींहि तें कधीं विचारलें नव्हतें. गेल्या वर्षीं घरांतील एका जुन्या तंबोऱ्यानें आम्हांस तें विचारावयास लावलें. आणि त्या निमित्तानें जें पाहिलें, ऐकलें व मनाशीं घोळविलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

हा तंबोरा आमच्या वडिलांचा. वडील कांहीं गवई नव्हते. दिवसभर कचेरींत आंकडे मांडावे आणि पहाटे घटकाभर तंबोरा छेडीत बसावें, एवढाच त्यांचा संगीताशीं संबंध. ते गेल्यावर तंबोरा प्रथम माजघराच्या कोपऱ्यांत गेला, तेथून माळ्यावर चढला, आणि नवें घर झाल्यावर शोभेची वस्तु म्हणून दिवाणखान्यांत उतरला. पाहुण्यांनीं त्याच्याजवळ उभें राहून छायाचित्रें काढावीं, मुलांनीं जातां-येतां तारेवर बोट मारावें, असा त्याचा वानप्रस्थ चालला होता. पुढें आमच्या धाकट्या बंधूंची कन्या गाणें शिकूं लागली. तिच्या सुराची सोय मोबाइलमधील तंबोऱ्यावर झाली, आणि भिंतीजवळचा तंबोरा तो ऐकत उभा राहिला! एके दिवशीं तिच्या गाण्याच्या बाई घरीं आल्या असतां त्यांनीं विचारलें, "हा घरांत असतांना त्या यंत्राची काय गरज?" नव्या तारा आणून चढविल्या, पण आवाज फुटला तो डब्यांत खडे हालवावे तसा.

त्या रात्रीं जेवतांना घरांत तीन पक्ष झाले. थोरल्या बंधूंचें म्हणणें, जुन्या वस्तूंचा एक व्यापारी बरी किंमत देतो आहे, तर देऊन टाकावा. वहिनी म्हणाल्या, आहे तसा शोभतो, राहूं द्यावा. आईनें सर्वांचें ऐकून घेतलें आणि शेवटीं म्हणाली, "तो मिरजेचा आहे. त्याला एकदा माहेरी नेऊन आणा, मग काय तें ठरवा." आईच्या शब्दावर मतें घेण्याची आमच्या घरीं चाल नाहीं. दुसऱ्याच आठवड्यांत पुतणीस बरोबर घेऊन व तंबोरा गोधडींत गुंडाळून आम्ही मिरजेस निघालों.

तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

मिरज हें पटवर्धनांचें गांव. जेथें फौज तेथें हत्यारें, आणि जेथें हत्यारें तेथें त्यांना धार लावणारे शिकलगार. परंतु १८१८ सालीं पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल बसला, आणि तलवारीस धार लावून घेण्याचें कारण दिवसेंदिवस उरेनासें झालें. हातांत कसब आहे पण त्यास गिऱ्हाईक नाहीं, अशी वेळ शिकलगारांच्या घरांवर आली. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारानें तंतुवाद्यांचें काम हातीं घेतलें. संस्थानिकांस गाण्याचा नाद होता, त्यामुळें आश्रयहि मिळाला. पोलाद घासणारे हात लांकूड आणि भोपळा घासूं लागले. फरीदसाहेबांच्या मागें त्यांच्या वंशजांनीं व शिष्यांनीं हा धंदा चालविला. 'सतारमेकर' हें आडनांवच त्यांतून निघालें, आणि मिरजेंतील त्यांची गल्लीहि त्याच नांवानें ओळखली जाते.

एवढ्यानेंच मिरजेचें नांव झालें नसतें. पण सुदैवानें गवईहि तेथेंच आले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस असतां विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं शिकले. ह्याच पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि दरबारांत वाढलेलें गाणें मध्यमवर्गाच्या घरांत आणून बसविलें. आमच्या आयाबहिणी उघडपणें तंबोरा मांडीवर घेऊं लागल्या, त्याचें पुष्कळसें श्रेय त्यांच्याकडे जातें. परंतु घरोघर गाणें जावयाचें म्हणजे घरोघर वाद्येंहि जावयास हवींत. दरबारास दोन तंबोरे पुरतात, शाळेस वीस लागतात! ते कोठून तरी यावे लागतात, आणि गरिबास परवडतील अशा किंमतींत यावे लागतात. गाण्याच्या प्रसाराचा इतिहास लिहितांना गुरूंचीं नांवें आपण लिहितों. त्या प्रसाराचा भार ज्या लहान दुकानांनीं उचलला, त्यांस मात्र एक ओळहि मिळत नाहीं.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब आयुष्याच्या उत्तरार्धांत मिरजेस राहिले. १९३७ सालीं दक्षिणेंत प्रवासांत असतां त्यांचा अंत झाला, परंतु देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत दफन करण्यांत आला. तेथें दर वर्षीं उरुसाच्या वेळीं गवई येऊन हजेरी लावतात. तंबोरा लावण्याविषयीं खांसाहेब किती काटेकोर होते हें सर्वश्रुत आहे. वाद्यांच्या दुरुस्तीचें कामहि त्यांस येत असे. असा गवई ज्या गांवांत राहतो, तेथील कारागिरास आळस करून भागत नाहीं. सकाळीं वाद्य नेलें, संध्याकाळीं दोष सांगत गवई परत आला, रात्रीं पुन्हां कानस चालली, असें वर्षानुवर्षें घडल्यावर कारागिराचा कान गवयाच्या कानाइतका तयार होतो. गवयांमुळें दुकानें चाललीं कीं दुकानांमुळें गवई टिकले, हा वाद बीज आधीं कीं वृक्ष आधीं, अशांतला आहे.

आणि हें केवळ गाण्याचेंच आहे असें नाहीं. संस्कृत ग्रंथांच्या ज्या सुबक आवृत्त्या देशोदेशींच्या पंडितांच्या हातीं गेल्या, त्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या. आणि त्याचे संस्थापक जावजी दादाजी हे लहानपणीं छापखान्यांत टाइप घासण्याचें काम करून वर आलेले गृहस्थ. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनीं १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली, ती घरच्या कारागिरींतून सिद्ध केलेल्या कॅमेऱ्याच्या बळावर. कोणतीहि कला लोकांपर्यंत पोंचली, तर तिच्यामागें कोठें तरी एक लहानसें दुकान आढळतें. तेथें दहा-पांच माणसें खाली मान घालून काम करीत असतात, आणि महिन्याअखेर मजुरी कशी चुकवावी ह्या विवंचनेंत असतात.

भोपळा, लांकूड आणि सूत

आम्ही ज्या दुकानांत गेलों तें दहा-बारा हात लांबीचें असेल. पुढें बसण्याचा कट्टा, मागें अंगण, वर माळा. माळ्यावर भोपळे रचलेले. हे भोपळे भाजीचे नव्हत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस भीमेच्या कांठीं ते मुद्दाम पिकवितात. चवीस कडू, जाड सालीचे. वेलावरच पुरते पिकूं देऊन मग ते महिनोन् महिने वाळवावे लागतात. अवकाळीं पाऊस आला कीं ते कुजतात, आणि मिरजेच्या दुकानास त्या वर्षीं माल मिळत नाहीं. शेकडों भोपळ्यांतून चांगल्या घेराचे, दोन्ही अंगांनीं सारखे असे थोडेच निघतात. भोपळा कापल्यावर पाण्यांत भिजत घालून मऊ करतात, आंतील गर व बिया काढतात, आंतून काठ्यांचा आधार देऊन त्यास हवा तसा आकार देतात आणि पुन्हां वाळवितात. दांडी आणि भोपळ्याचें तोंड झांकणारी तबली तून नांवाच्या लांकडाची. तें बहुतेक कर्नाटकांतून येतें. हलकें असतें आणि नीट मुरविलें तर पीळ खात नाहीं. दांडी व भोपळा जोडणें, वेलबुट्टी कोरणें, खुंट्या बसविणें, लाखेचें रोगण चढविणें, ह्यांतील प्रत्येक कामास बहुधा वेगळा हात असतो. एका घरांतील भाऊ, पुतणे, भाचे हीं कामें वांटून घेतात. एकत्र कुटुंबाचा कारखाना कसा चालतो हें पाहावयाचें असेल तर येथें पाहावें.

दुकानाचे धनी साठीच्या पुढचे. त्यांस तेथें सर्वजण चाचा म्हणत. आम्हींहि तेंच म्हणूं लागलों. त्यांनीं गोधडी सोडली, तंबोरा आडवा घेतला, आणि आवाज न ऐकतांच जोडावरील कोरीव वेलीवर अंगठा फिरवीत म्हणाले, "ही आमच्या आजोबांच्या हातची वेल. पानाचं टोक ते असं डावीकडं वळवायचे." ज्या वाद्यास आम्ही वर्षानुवर्षें वडिलांचें म्हणून ओळखत होतों, त्यास आणखी एक वडील होते, हें त्या क्षणीं आम्हांस कळलें. त्यांनीं आजोबांचें नांव सांगितलें. तें आम्ही आतां घरच्या वहींत, वडिलांच्या नांवाशेजारीं, लिहून ठेवलें आहे.

दोष सांपडण्यास त्यांस वेळ लागला नाहीं. तबलीस बारीक चीर होती, ती बुजविली. घोडी मात्र पार झिजली होती. तिची जवारी नव्यानें काढावी लागणार होती. जवारी म्हणजे काय हें बहुतेक श्रोत्यांस ठाऊक नसतें. तार घोडीच्या पाठीवरून जाते. ती पाठ सपाट दिसते, परंतु तिला अगदीं किंचित् गोलाई दिलेली असते. तार हालूं लागली म्हणजे त्या उतारास चाटून जाते, आणि तारेखालचें सूत नेमक्या जागीं सरकविलें कीं एकाच स्वरांतून वरचे कित्येक स्वर उमलूं लागतात. षड्जाच्या तारेंतून गंधार ऐकूं येतो तो ह्यामुळेंच. चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं ह्याविषयीं निबंध लिहिला आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथें स्थिर राहणारे उपस्वर तींतून निघूं नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं घालून दिलेला नियम. आमचा तंबोरा व वीणा तो मानीत नाहींत असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९३० सालीं ज्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, त्या शास्त्रज्ञानें ज्याचा विचार केला, तें काम मिरजेंत कट्ट्यावर बसून एक कानस आणि दोन कान एवढ्याच साहित्यावर चाललें होतें. चाचा दोन वेळां कानस फिरवीत, तार चढवीत, डोळे मिटून ऐकत, पुन्हां तार उतरवीत. असें तीसएक वेळां तरी झालें असेल. पुतणीनें विचारलें, "किती घासायचं हें कसं कळतं?" चाचा म्हणाले, "कानसीचं काम थोडं, बेटा. कानाचंच जास्त."

दुकानाचा हिशेब

दुरुस्तीची रक्कम त्यांनीं सांगितली तेव्हां आमच्या तोंडून सवयीनें निघून गेलें, "कांहीं कमी नाही का होणार?" चाचा हंसले आणि गप्प राहिले. पण पुतणी आमच्या कानाशीं लागून म्हणाली, "काका, कार्यक्रमाच्या तिकिटाला तुम्ही असं विचारता का?" आम्हांस खरोखर लाज वाटली. शहरांतील मोठ्या जलशास पुढच्या रांगेंतील खुर्चीसाठीं जें आम्ही निमूटपणें मोजतों, त्याहून फार वेगळी ती रक्कम नव्हती. आणि हें काम पुढें कित्येक वर्षें टिकावयाचें होतें.

मग चहा आला आणि धंद्याच्या गोष्टी निघाल्या. लांकूड आज घ्यावयाचें तें मुरून वाद्य होईतों वर्षें जातात. तोंवर पैसा त्यांत अडकलेला. मोठा व्यापारी माल उचलतो, पण पैसे सवडीनें देतो. २०२० सालीं महामारींत बैठकी व शिकवण्या बंद पडल्या, तेव्हां महिनेच्या महिने कोणी साधी तारहि विकत नेली नाहीं. चाचांचा मुलगा पुण्यास संगणकाच्या कचेरींत आहे. त्याविषयीं त्यांची तक्रार नाहीं. "त्याला तिकडं महिन्याच्या महिन्याला मिळतं. इकडं मी त्याला काय सांगून बोलावूं?" जवारीचें काम आतां त्या दुकानांत ते स्वतः आणि एक पुतण्या, असे दोघेच करतात. निघण्यापूर्वीं आम्हीं म्हटलें, "ही कला वांचली पाहिजे, चाचा." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात, साहेब. कला आजारी नाही. दुकानाला काम पाहिजे."

हें वाक्य आमच्या मनांतून जात नाहीं. कलेचें रक्षण म्हटलें कीं आम्हां सुशिक्षितांस सत्कार, शाली, ठराव व प्रदर्शनें आठवतात. तें वाईट आहे असें नव्हे. परंतु शालीनें दुकानाचें भाडें भागत नाहीं. फरीदसाहेबांच्या वेळीं शिकलगारांस कोणी सत्काराचें तबक दिलें असतें आणि वाद्यांचें काम दिलें नसतें, तर आज मिरजेंत ना तलवार राहिली असती, ना तंबोरा.

यंत्र आणि हात

यंत्राच्या तंबोऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. १९८० च्या सुमारास बंगळूरकडे विजेवर चालणारा तंबोरा निघाला, आणि आतां तर तो प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें आला आहे. परगांवीं राहणाऱ्या, एका खोलींत संसार करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याची सोय मोठीच. ज्यांस तंबोरा घेण्याची ऐपत नाहीं त्यांच्या घरीं त्यानें सूर पोंचविला, हेंहि खरें. पण यंत्राचा सूर आयता मिळतो; तंबोरा लावावा लागतो. खुंटी पिळावी, मणी सरकवावा, सूत मागेंपुढें करावें, आणि चार तारा एक होईपर्यंत धीर धरावा. ह्या खटाटोपांत विद्यार्थ्याचा कान तयार होतो. यंत्रानें सूर दिला; कानास शिकविण्याचें काम मात्र तंबोऱ्याकडेच राहिलें. ज्या दिवशीं तंबोरा लावणारा विद्यार्थी उरणार नाहीं, त्या दिवशीं जवारी काढणाऱ्याची चूकहि कोणास कळणार नाहीं. आणि ज्या कामांतील चूक कोणास कळत नाहीं, तें काम उत्तम करण्याचें कारण उरत नाहीं. दुकानें एका दिवसांत बंद पडत नाहींत. आधीं काम सामान्य होतें, मग स्वस्त होतें, आणि शेवटीं नाहींसें होतें.

आशेस जागा नाहीं असेंहि नाहीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. नागपूरचीं संत्रीं किंवा येवल्याची पैठणी ह्यांप्रमाणें मिरजेचें नांव आतां मिरजेच्या कारागिरांचेंच राहील. दुसरीकडे केलेलें वाद्य मिरजेचें म्हणून विकण्यास कायद्याची आडकाठी आली. कारागिरांनीं त्यासाठीं एकत्र येऊन संस्था स्थापिल्या, ही गोष्ट विशेष. परंतु मानांकन म्हणजे दारावरची पाटी. दारांतून आंत येणारा मनुष्य आपणच असावयास हवें.

येथें आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. आमचे वडील त्या तंबोऱ्यावर पहाटे अभंग आणि स्तोत्रें म्हणत. कीर्तनांत, देवळांत, आमच्यासारख्यांच्या देवघरांत जे मिरजेचे तंबोरे पिढ्यान् पिढ्या झंकारले, ते बहुतेक मुसलमान कारागिरांच्या हातचे आहेत. आम्ही दुकानांत असतां चाचा नमाजासाठीं उठून गेले आणि परत येऊन पुन्हां त्याच सुतावर बसले. त्यांस त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. आम्हांसहि वाटूं नये, पण वाटलें खरें. कारण इतकीं वर्षें तें आम्हीं ध्यानांतच घेतलें नव्हतें.

घरानें काय करावें

घरीं जुनें वाद्य असेल तर तें शोभेस ठेवूं नये. दुरुस्त करून वापरावें. मुलामुलींस पहिलें वाद्य घेतांना शक्य तर करणाऱ्याच्या दुकानीं जाऊन घ्यावें, मुलांस बरोबर न्यावें, आणि करणाऱ्याचें नांव विचारावें. दुरुस्तीच्या मजुरींत घासाघीस करूं नये. दोन-तीन वर्षांनीं जवारी पाहून घ्यावी. म्हणजे वाद्यहि नीट राहतें आणि दुकानासहि नेमानें काम मिळतें. गाण्याच्या मंडळांनीं गवई व साथीदार ह्यांच्याबरोबर वाद्य करणाराचेंहि नांव पत्रिकेवर छापावें. ह्यांत जगावेगळें कांहीं नाहीं, आणि खर्चहि फारसा नाहीं.

आमचा तंबोरा परत आला त्यास आतां वर्ष होत आलें. थोरल्या बंधूंनीं व्यापाऱ्याचा विषय पुन्हां काढला नाहीं. वहिनींनीं दिवाणखान्याचा कोपरा मोकळा ठेवला आहे, कारण तंबोरा आतां पुतणीच्या खोलींत असतो. पहिले कांहीं महिने ती रोज सकाळीं अर्धा तास नुसता लावीत बसे. लागत नसे, आणि ती रडकुंडीस येई. आतां लागतो. त्या वेळीं आई माजघरांत भाजी निवडीत असते. तिचा हात मध्येंच थांबतो, ती क्षणभर ऐकते, आणि पुन्हां भाजी निवडूं लागते.

पुढील दसऱ्याला चाचांकडे जावयाचें ठरलें आहे. निघतांना ते म्हणाले होते, "दोन वर्षांत एकदा दाखवून जा. मी नसलो तर पुतण्या आहे." पुतणीचा हट्ट असा कीं दोन वर्षें थांबावयाचें नाहीं, एका वर्षांतच जावयाचें. आम्हीं तिच्याशीं वाद घातला नाहीं.